हंसाची वाटी

पिशवीभर चहाची गाळणी मांडीवर घेऊन मी झोपायच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसलो होतो आणि भिंतीपलीकडे माझा सर्वनाश अत्तर लावून घेत होता.

“अगं बाई, किती नाजूक!”

“ही निळी मला द्या हं, प्रमिलाताई.”

“आणि ही बघा, मधासारखी. उजेडात धरा, उजेडात!”

उजेडात धरा, हे मीही सांगितलं असतं. पण हळदीकुंकवाच्या बायकांत पुरुषानं जायचं नसतं. मी मागच्या दारानं, चपला हातात घेऊन, स्वतःच्याच घरात चोरासारखा शिरलो होतो. पलंगाखाली वाकून पाहिलं. खोकं नव्हतं. खोक्याच्या जागी धुळीत एक चौकोन होता. मोजणी खात्यात सारा जन्म घालवल्यामुळे तो किती लांबरुंद आहे ते मला न मोजता कळलं. बाकी काही कळेनासं झालं होतं.

ही साताऱ्याची गोष्ट, माझ्या निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या संक्रांतीची. निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात, भावाशी जमिनीवरून भांडतात, नाहीतर बाजाची पेटी शिकतात. मला काचेनं गाठलं. जुनी, रंगीत, साच्याची काच. वितळलेला रस लोखंडी साच्यात ओतायचा, वरून दट्ट्या दाबायचा, की वेलबुट्टी, पैलू, पाकळ्या असं सगळं एका दमात उठून येतं. ज्यांना हातानं कापून घडवलेली काच परवडत नसे त्यांच्यासाठी केलेली ही नक्कल. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या मध्यमवर्गाची ऐट. ती आज पेन्शनीत गोळा करण्यात काय शहाणपण आहे ते मी प्रमिलेला बऱ्याचदा समजावून दिलं होतं. दर वेळी समजावून झालं की मला स्वतःला ते थोडं कमी समजत असे.

“यापुढे या घरात एक काच जरी आली,” ती दिवाळीत म्हणाली होती, “तर एक तर ती राहील नाहीतर मी.”

अशा वाक्याला ताबडतोब उत्तर द्यायचं असतं. मी म्हणालो, विचार करून सांगतो.

प्रमिला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. संक्रांतीचं वाण आणायचं काम त्यामुळे माझ्याकडे असे. “काहीतरी उपयोगी आणा,” एवढीच तिची अट. एका वर्षी मी नाडा ओवायच्या सळया आणल्या. एका वर्षी बुटाच्या पॉलिशच्या डब्या. आणि एका वर्षी उंदराचे पिंजरे. पिंजऱ्यांइतकी उपयोगी वस्तू त्या कॉलनीत दुसरी नव्हती, हे मी आजही म्हणेन. पण आमच्या समोरच राहणाऱ्या बर्गेबाईंनी, सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त मेट्रन त्या, पिंजरा हातात घेऊन विचारलं होतं, “प्रमिलाताई, आत उंदीर पण देताय, का आमचा आम्ही आणायचा?” हे वाक्य कॉलनीत पुढे म्हणीसारखं चाललं. त्या दिवशी सगळ्यांबरोबर प्रमिलाही हसली होती. नंतर ती जेवली नाही.

या वर्षी तिनं धोका पत्करला नाही. “चहाची गाळणी. स्टीलची. बारीक जाळीची. दुसरं काहीही नाही.”

मी गाळणी आणायलाच निघालो होतो. पण वाटेत रज्जाकभाईंचं जुन्या सामानाचं दुकान लागतं. लागत नाही खरं तर, थोडं वळून जावं लागतं. पाचगणीच्या कुठल्या तरी बंद बंगल्यातलं सगळं सामान त्यांनी उचललं होतं, आणि मोडक्या खुर्च्यांच्या ढिगात एक खोकं होतं. आत चिमुकल्या वाट्या. साहेबाच्या जेवणाच्या टेबलावर प्रत्येकाच्या ताटाशी मिठाची वेगळी वाटी ठेवायची पद्धत होती, त्या या. निळी, गुलाबी, मधाळ, पिवळट हिरवी, दुधी, एकीसारखी दुसरी नाही. आणि तळाशी हंस. जांभळा, वांग्याच्या सालीसारखा जांभळा. मान मागे वळवून पिसं साफ करत बसलेला, आणि पाठीत चिमूटभर मिठाचा खळगा. साच्याचे दोन भाग जुळतात तिथं काचेवर केसासारखी रेघ राहते. मी नखानं ती रेघ चाचपली, आणि गाळणी हा विषय माझ्या डोक्यातून गेला.

प्रत्येक वाटी कापसात गुंडाळून खोकं घरी आणलं. दारात प्रमिला.

“वाण आणलंत?”

खोक्याकडे बघून ती विचारत होती.

“आणलं,” मी म्हणालो.

खोकं पलंगाखाली सरकवलं. सकाळी उठून गाळणी आणायची, खोकं बदलायचं, असा बेत होता. बेतात खोट नव्हती. सकाळी भांड्यांचं दुकानच उघडलं नाही. मालकाच्या घरी लग्न होतं. गाळण्यांसाठी मी सगळं गाव पालथं घातलं, ती मिळेपर्यंत ऊन कललं, आणि घरी आलो तर ओट्यावर बायकांच्या चपलांचा ढीग.

भिंतीपलीकडे आता कुणीतरी उखाण्याची टूम काढली. प्रमिला उखाणा घेत नसे. लग्नात घेतला तेवढाच. नंतर तिला कुणी आग्रह केला की ती मुलींना दम भरावा तशी बघायची. पण त्या दिवशी भिंतीपलीकडून तिचा स्वच्छ, भूगोलाच्या तासाचा आवाज आला.

“काचेच्या वाटीला नक्षीचं अंग,
दिगंबररावांच्या वाणानं कॉलनी झाली दंग!”

टाळ्या झाल्या. मी गाळणी उशीखाली लपवली.

बायका गेल्यावर ती आत आली. केसांत गजरा, हातात तिळगूळ. माझ्यासमोर उभी राहिली.

“बर्गेबाई काय म्हणाल्या माहितीय? ‘प्रमिलाताई, तुमच्या मिस्टरांना दृष्टी आहे.’ सगळ्यांसमोर.”

“असं?”

“घाटगेबाई तर विचारत होत्या, मुंबईहून मागवल्या का म्हणून. अहो, तुम्हाला काही म्हणायचंय का?”

म्हणायचं होतं. पण तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मी उंदराच्या पिंजऱ्यांनंतर पाहिलेलं नव्हतं. पिंजऱ्यांच्या आधीही फारसं नाही.

“छे! मला काय म्हणायचं असणार?”

तिनं तिळगूळ माझ्या हातावर ठेवला. “गोड बोला,” म्हणाली आणि हसली. मी तोंडात टाकला.

“त्यात एक हंसाची होती ना,” मी शक्य तितकं सहज विचारलं, “ती कुणाला गेली?”

“ती? ती पहिलं वाण म्हणून दिली. सगळ्यांत देखणी होती.”

मला पुढचं विचारायची गरज नव्हती. आमच्या कॉलनीत कुठल्याही समारंभाला पहिलं कोण येतं हे कुत्र्यांनाही माहीत होतं. बर्गेबाई यजमानांच्या आधी पोचायच्या.

दुसऱ्या दिवशी मी फरांद्याकडे गेलो. फरांदे माझा शाळेपासूनचा मित्र, तो कुलपं जमवायचा. किल्ल्या नसलेली. घरात भिंतभर कुलपं होती आणि एकही उघडत नसे, त्यामुळे त्याच्या सल्ल्याला एक प्रकारची खोली होती.

“वाण परत मागायचं नसतं, दिग्या,” तो म्हणाला. “वहिनींना कळलं तर तू संपलास. आणि बर्गेबाईंना कळलं तर गावाला कळलं. त्यापेक्षा घरफोडी कर.”

“तू मदत करशील?”

“मला कुलूप कुठं उघडता येतं?” तो थोडा वेळ विचारात पडला. “मागू नकोस. असं काहीतरी कर की त्यांनाच ती घरात नको झाली पाहिजे.”

हा मित्र म्हणून त्याचा शेवटचा उपयोग.

मी एक गाळणं कागदात गुंडाळलं आणि बर्गेबाईंकडे गेलो. बाई ओसरीवर पावटे सोलत बसल्या होत्या.

“या भाऊजी, बसा की. काय आणलंय?”

“गाळणं.”

“चहा इथं तयार हाय. गाळणं घेऊन यायची गरज नव्हती.”

मी बसलो. हवापाण्याचं बोललो. मग म्हणालो, “ते कालचं वाण जरा बघायला मिळेल का?”

“वाण?” बाईंचे हात चालूच होते. “ते बायकांचं असतं. देवापुढं ठेवलंय, कुंकू घालून. आणि तुम्हीच आणलंत ना? तवा डोळं मिटून आणलंत?”

“घाईत होतो. नीट पाहिलं नाही.” इथं मी आवाज खाली घेतला. विज्ञानाचा आधार घ्यायचा असला की माणूस आवाज खाली घेतो. “त्याचं असंय, बर्गेबाई, त्या काळी अशा काही रंगीत काचेत युरेनियम घालत.”

पावटे सोलणं थांबलं.

“काय घालत?”

“युरेनियम. रंगासाठी. अगदी किंचित. अपाय होतो असं नाही, पण कुंकू म्हणजे रोज कपाळाला... म्हणून म्हटलं, तुमच्यापुरतं तरी बदलून द्यावं.” मी गाळणं पुढे केलं.

त्यांनी गाळण्याकडे पाहिलं नाही. “एक्स-रेच्या खोलीशेजारी आमची ड्युटी गेली, भाऊजी. ह्या गोष्टीची थट्टा नाही करायची. किती वाटल्या प्रमिलाताईंनी?”

“नाही, नाही. फक्त तुमच्याच वाटीत असेल.”

“आत्ता तर म्हणालात नीट पाहिली नाही.”

बाईंनी पावट्यांची परात बाजूला केली, पदर खोचला, पायांत चपला घातल्या आणि कॉलनीत दारोदार निघाल्या. तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बाईला रोगाची बातमी सांगावी आणि ती स्वस्थ बसेल अशी अपेक्षा ठेवावी, हे गावभर अफवा आणि अंधश्रद्धांविरुद्ध व्याख्यानं देत हिंडणाऱ्या माणसाला शोभलं नाही. हो, ती व्याख्यानं मीच देत असे. वाचनालयात, गणपतीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात. तत्त्वाचा मी इतका पक्का होतो की स्वयंपाकघरातला देव्हारा पाठीमागे येईल अशी जेवायची जागा मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी निवडली होती आणि ती कधी बदलली नव्हती.

संध्याकाळपर्यंत आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर वाट्या जमल्या. एक सांडशीत धरून आली. एक डब्यात बंद होऊन, वर दोरी बांधून. देवस्थळीवहिनींनी निळी, ती मागून घेतलेली निळी, बादलीत वाळूखाली पुरून आणली आणि बादलीही ठेवून गेल्या. कुणी बेल वाजवली नाही. घाटगेबाईंनी तर गुलाबी वाटीशेजारी लिंबू ठेवलं. युरेनियमवर लिंबाचा उपयोग काय ते त्यांनाच ठाऊक.

मी खिडकीतून बघत होतो. माझी काच मला परत मिळत होती, एक पैसा न देता, घरपोच. भिंतीवर ओळीनं ती मावळतीच्या उन्हात पेटल्यासारखी दिसत होती. आणि मी काय करत होतो? हंस शोधत होतो. हंस नव्हता. बर्गेबाईंची म्हणून जी आली ती पिवळट हिरवी.

तेवढ्यात प्रमिला शाळेतून आली.

ती फाटकाशी थांबली. भिंतीवरच्या वाट्या, सांडशी, बादली, लिंबू, सगळं तिनं एकदा पाहिलं. समोरच्या गॅलरीतल्या दोन बायका आत गेल्या. प्रमिलेनं पिशवी खांद्यावरून काढून जमिनीवर ठेवली आणि एकेक वाटी उघड्या हातानं उचलून पदरात घेतली. वाळूत पुरलेलीसुद्धा. पदर गच्च धरून ती घरात आली आणि वाट्या माझ्यासमोर टेबलावर मांडल्या.

“कोपऱ्यावर घाटगेबाई भेटल्या,” ती म्हणाली. “हात जोडून म्हणाल्या, भाऊजींनीच सांगितलंय बर्गेबाईंना, आमच्या घरात लहान मूल आहे हो.”

मी निळीवरची वाळू पुसली.

“युरेनियम असतं का यात?”

“एखाद्या वाटीत. नखाएवढं. त्यानं काहीसुद्धा होत नाही, मी वाचलंय...”

“काही होत नाही हे तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

“मग बर्गेबाईंना का सांगायला गेलात?”

मी टेबलाकडे पाहिलं. हंस सोडून सगळ्या वाट्या होत्या. त्यांच्याकडे पाहिलं की उत्तर समोरच दिसत होतं, म्हणून मी दुसरीकडे पाहिलं.

“बरं,” ती म्हणाली, आणि चहा टाकायला गेली.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू असतं. प्रमिला शाळेतून आली की साडी बदलून रोज कुठं ना कुठं जायची. त्या वर्षी ती साडी बदलेना. शाळेतून यायची, पेपरांचा गठ्ठा घेऊन बसायची, नद्यांचे उगम चुकवणाऱ्या मुलींना लाल शाईनं खोडत राहायची. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती मला दोन्ही वेळा गरम पोळी वाढत होती.

एका सकाळी मी वाट्या खिडकीत मांडल्या. ऊन त्यांतून आत आलं आणि फरशीवर निळे, गुलाबी, मधाळ ठिपके पसरले. जमवणाऱ्याला याहून मोठं सुख नसतं. प्रमिला केरसुणी घेऊन आली, माझ्याकडे न बघता, त्या रंगांना वळसा घालून झाडून गेली. तेवढ्या जागेत केर तसाच राहिला. मी वाट्या ताटात काढल्या.

रथसप्तमीला शेवटचं हळदीकुंकू बर्गेबाईंकडे असे. मी इस्त्रीचा शर्ट घातला, ताटावर पंचा टाकला आणि उन्हं कलताना त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. आत कॉलनीतल्या सगळ्या बायका. बोलणं एकदम बंद पडलं.

“भाऊजी,” बर्गेबाई म्हणाल्या, “चुकून आलात, का हळदीकुंकू लावून घ्यायला?”

मी पंचा काढला. पुढच्या रांगेतल्या देवस्थळीवहिनी मागच्या रांगेत गेल्या.

“यातल्या कशानंही कुणाला काही होत नाही,” मी म्हणालो. व्याख्यानाची सवय असूनही आवाज चिरकला. “अफवा उठली ती माझ्यामुळे.”

“ते ठाऊक हाय. मीच फिरवली ती दारोदार. का सांगितलीत, ते बोला.”

“कारण मला त्या परत हव्या होत्या.”

कुजबूज झाली. बर्गेबाईंनी हात वर करताच थांबली. वॉर्डात असंच होत असणार.

“म्हणजे वाण म्हणून आणल्याच नव्हत्यात तर.”

दोन उत्तरं होती. एक खरं होतं. ते दिलं असतं तर पिंजरे, सळया, पॉलिशच्या डब्या, सगळं पुन्हा प्रमिलेच्या दारात येऊन बसलं असतं.

“वाण म्हणूनच आणल्या,” मी म्हणालो. “एकेक निवडून. प्रमिलेच्या वाणाला कुणी हसू नये म्हणून. दिल्यावर माझाच जीव अडकला. तिला यातलं काही माहीत नाही.”

बर्गेबाई मागे वळून म्हणाल्या, “देवस्थळीवहिनी, जावा, प्रमिलाताईंना घेऊन या. आणि कुणीतरी मसाला दुधाचं पातेलं आणा. होत नाही म्हणताय ना काही? प्या.”

“यातून?”

“सगळ्यांतून.”

मला दूध पचत नाही. लहानपणापासून नाही. हे सांगायची ती वेळ नव्हती.

प्रमिला आली तेव्हा मी तिसऱ्या-चौथ्या वाटीवर होतो. एका वाटीत दोन चमचे मावत, पण बर्गेबाई काठोकाठ भरत होत्या. प्रमिला घरातल्याच साडीत, हातात लाल पेन तसंच, दाराशी उभी राहिली. देवस्थळीवहिनींनी तिला वाटेत सगळं सांगितलं असावं. निळी, गुलाबी, दुधी. बायका आता रांग मोडून पुढे आल्या होत्या आणि प्रत्येक वाटीला टाळ्या पडत होत्या. शेवटी पिवळट हिरवी.

“ह्यात हाय का ते?” बर्गेबाईंनी विचारलं.

“यातच आहे.”

त्यांनी ती जरा जास्तच भरली. मी प्यायलो. सगळ्याजणी मी चमकायला लागतो का ते बघत होत्या.

“नाव घ्या!” कुणीतरी ओरडलं. “भाऊजींनी नाव घ्यायचं!”

“नाव घेतल्याशिवाय जायचं नाही!”

पोटात पातेलंभर दूध, समोर कॉलनी, दारात बायको. मी ताट खाली ठेवलं.

“काचेच्या वाटीत दुधाची साय,
प्रमिलेचं नाव घेतो, दुसरा इलाज काय!”

बर्गेबाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. हसता हसता त्यांनी वाट्या आत नेल्या, विसळल्या, पुसून प्रमिलेच्या हातात ताट दिलं. “तुमचं वाण, तुमच्या हातानं द्या परत.” प्रमिलेनं पेन कानाच्या मागे खोचलं आणि एकेक वाटी वाटली. निळी देवस्थळीवहिनींकडे, गुलाबी घाटगेबाईंकडे. मी प्रत्येकीच्या हाताकडे बघत होतो. शेवटी ताट रिकामं झालं. हंस कुठंच नव्हता, आणि आता विचारणार तरी कुणाला?

आम्ही घरी आलो. दिवेलागणीची वेळ झाली होती. मी स्वयंपाकघरात माझ्या नेहमीच्या जागी पोट धरून बसलो. मागे काडी ओढल्याचा आवाज आला, निरांजनाचा उजेड माझ्यासमोरच्या भिंतीवर हलला. त्या उजेडात कुठंतरी जांभळं होतं.

“वळा जरा,” प्रमिला म्हणाली.

मी वळलो. देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या पायाशी, मान मागे टाकून, पाठीवर कुंकू घेऊन हंस बसला होता.

“ही... बर्गेबाईंनी दिली?”

“बर्गेबाईंना कशाला द्यायची? पहिलं वाण देवाला असतं. इतकी वर्षं राहताय या घरात.”

“पण सगळ्यांनी परत केल्या तेव्हा...”

“देव नाही घाबरला.”

ती निरांजनाची वात सारखी करत होती.

“खोकं मी संक्रांतीला दुपारीच उघडलं,” ती म्हणाली. “तेव्हाच कळलं. प्रत्येक वाटी कापसात. वाढदिवसाला माझ्यासाठी कप आणलात तो वांग्यांच्या पिशवीतून आला होता, कान तुटून. वाण कुणी कापसात आणत नाही.”

“मग दिल्यास कशाला?”

“बायका दारात आल्या होत्या. मला काय माहीत गाळणी कुठंयत? मग तुम्ही मागच्या दारानं आलात. पिशवीचा आवाज ऐकला मी. म्हटलं, आता आतून हाक मारतील, थांबवतील. तुम्ही गप्प बसून राहिलात. नंतर विचारलंसुद्धा, काही म्हणायचंय का. तुम्ही छे म्हणालात. मला वाटलं, देताहेत. माझ्यासाठी.”

बाहेर कुणाच्या तरी घरी शंख वाजला.

“त्या दिवशी नव्हत्या दिल्या,” मी म्हणालो.

“ते कळलं मला, भिंतीवर.” तिनं कानामागचं पेन काढलं आणि टेबलावर ठेवलं. “आज दिल्यात.”

मी हंसाकडे हात नेला. तिनं माझ्या हातावर चापट मारली.

“देवाची आहे ती. लावायचा असेल हात तर आंघोळ करून, पूजा करताना. आणि एकट्या हंसाला पुसायचं नाही. देवही पुसायचे.”

याला आता पुष्कळ वर्षं झाली. वाचनालयानं मला व्याख्यानाला बोलावणं बंद केलं आहे. फरांदे भेटला की हात जोडतो. घारपुरे म्हातारपणी देवाचं करायला लागले, असं गाव माझ्याबद्दल म्हणतं. मी कुणाला काही सांगायला गेलेलो नाही. सकाळी आंघोळ करून बसतो, बाळकृष्णाला न्हाऊ घालतो, अन्नपूर्णेला घालतो, शाळिग्राम पुसतो, सगळं यथासांग. मग हंस घेतो. जुनं कुंकू काढतो, मऊ फडक्यानं पाठ पुसतो, खिडकीच्या उजेडात धरतो. मानेपासून शेपटीपर्यंत ती केसासारखी रेघ नखानं चाचपत जातो.

“झाली का पूजा?” प्रमिला ओट्यापासून विचारते. हातात गाळणं असतं. गाळणी आम्हाला जन्मभर पुरणार आहेत.

“होतेय.”

“देवाची म्हणतेय मी.”